केदारखेड्याचा पाटा

मला नीट आठवतंय की नाही, शंकाच आहे. मानववंशशास्त्र शिकून मी मिक्सरच्या कंपनीत लागलो होतो. केदारखेड्यात लोक मिक्सर का घेत नाहीत, हे शोधायला एका घरी आठवडाभर राहिलो. पहिल्याच दिवशी पाटा-वरवंटा पाहून हरखलो, फोटो काढले. त्या घरच्या काकू रोज दोन्ही वेळा पाट्यावरच वाटायच्या.

"हात दुखत नाहीत, काकू?"

"दुखतेत की. पण चव न्यारी न्हाई का, सर?"

'इथं मिक्सर नकोच आहे,' असा अहवाल मी दिला. त्यावर बढती मिळाली, हे सांगताना अजून कान तापतात.

कितीतरी वर्षांनी भोकरदनला काकूंची सून भेटली. तेव्हा घरात मिक्सर का नव्हता, असं मी मुद्दाम विचारलं.

"मिक्सर होता की, सर. गोधड्यांखाली लपवला होता. सासूबाई म्हणल्या, सर इतक्या लांबून पाटा बघायला आलेत, त्यांना नाराज कशाला करायचं."