इस्तादच्या रांगेतला बास

स्वीडनच्या इस्ताद बंदरावर पोलंडला जाणाऱ्या बोटीसाठी रांग होती. माझ्यापुढचा पन्नाशीचा बाप्या आपल्या माणसाएवढ्या डबल बासला, त्या थोरल्या व्हायोलिनसारख्या वाद्याला, कुणाला शिवू देईना. माझे गुडघे ठणकताहेत आणि मेल्यानं मलाच दोनदा मागं सरकवलं! गावी निघालेल्या बहिणीला पोचवायला आला होता आणि तिच्याशी आमच्याच पोलिशमध्ये बोलत होता. स्वीडनमध्ये तीस वर्षं फरश्या पुसल्या म्हणून मी काय माझी भाषा विसरले?

"गावच्या शाळेला देऊन टाक, ताई."

"आणि तू काय वाजवणार, बोगुमिल?"

"मी शिकवतो. आठवड्याला बावीस तास. घरी आलं की हा डोळ्यांसमोर नको होतो."

"जॅझसाठी बाबांशी भांडून देश सोडलास ना रे?"

"तेव्हा अंगात जोर होता. आता पोरांची बोटं तारांवर बसवून बसवून थकलो."

"शेवटचा कार्यक्रम कधी केलास?"

"चार वर्षं झाली. स्टेजवर वर्गातल्यासारखे तालाचे आकडे मोठ्यानं मोजायला लागलो. ड्रमवाला हसला."

"एवढ्यावरून सोडायचं?"

"दमलोय गं. केबिनमध्ये कुशीवर निजव, पाठीवर नको. हीटरपासून लांब ठेव. आणि तारांना हात लावू नकोस."

"सैल करते की. नाहीतरी आता कोण वाजवतंय?"

"नको, नको! परवाच नव्या चढवल्यात. आत्ता कुठं सूर धरायला लागल्यात."

 आता मला गप्प राहवेना.

"ए बाबा, बहिणीला जाऊ दे एकटीला. तू ते धूड उचल आणि घरी जाऊन वाजवत बस!"