वीस टँकर विरजण

(विस्कॉन्सिनमधलं सेंट ओडील. सांडपाणी केंद्राची प्रयोगशाळा, जानेवारीतली सकाळ. टेबलावर काळ्या गाळाची एक बरणी.)

लोरेन: झाकण पुन्हा लावा. मला इथूनच कळलं.

रसेल: अगं, नीट वास तर घे. तुझ्या नाकाइतकं खात्रीचं यंत्र सगळ्या राज्यात नाही, हे मी आजही आमच्या केंद्रातल्या माणसांना सांगतो.

लोरेन: नेंग, तू घे. पंधरा वर्षं इथे ऑपरेटर आहेस. व्हँडेहाय साहेबांना सांग काय आहे ते.

नेंग: खवट लोणी आहे, बाई. चांगल्या गाळाला डांबरासारखा वास येतो. साहेब, मी आत्ताच नाश्ता करून आलोय. लावा ते झाकण.

लोरेन: आम्लाचं क्षाराशी प्रमाण किती आलं?

रसेल: शून्य पूर्णांक नऊ.

लोरेन: शून्य पूर्णांक पंचवीसच्या आत असायला हवं. मिथेन?

रसेल: शेकडा चव्वेचाळीस. इंजिन राहू दे, चिमणीवरची ज्योतसुद्धा परवापासून टिकत नाही. पेटवली की फरफरते आणि विझते.

नेंग: पण मागच्याच आठवड्यात तुमच्याकडे गॅस वाढला म्हणून डोनट वाटले ना? चीजच्या निवळीच्या टँकरचा ड्रायव्हर सांगत होता.

रसेल: मीटर दीडपट झाला होता रे. कुणालाही आनंदच झाला असता.

लोरेन: मीटर गॅस मोजतो. जळणारा गॅस किती, ते मोजत नाही. टाकीला धाप लागली होती साहेब, आणि तुम्ही तिचे श्वास मोजून डोनट वाटलेत. निवळी किती घेत होतात?

रसेल: लोरेन, शनिवारी नव्या इंजिनघराचं उद्घाटन आहे. महापौर बटण दाबणार, अर्ध्या गावाचे रस्त्यावरचे दिवे आमच्या गॅसवर लागणार. गॅस भरपूर हवा होता. चीजच्या कारखान्याकडे निवळी पडूनच होती.

लोरेन: किती, ते विचारलं मी.

रसेल: रोज चार टँकर.

लोरेन: चार. आकडासुद्धा बदलला नाहीत.

रसेल: हे बघ, जुनं उकरायला मी चाळीस मैल बर्फातून गाडी हाकत आलेलो नाही. मला वीस टँकर गाळ हवाय. तुझ्या टाकीतला, जिवंत. एवढ्या अंतरात गाळ पचवून गॅस देणारा निरोगी डायजेस्टर तुझाच आहे.

नेंग: म्हणजे विरजण मागायला आलाय.

रसेल: विरजणच म्हण. आमचं नासलं, तुमचं शाबूत आहे. शेजारधर्म आहे की नाही?

लोरेन: बाहेरच्या गॅसवर बॉयलर चालवून आधी टाकी गरम ठेवा. दाणापाणी बंद करा, चुना घाला. महिन्याभरात कदाचित सावरेल.

रसेल: बाहेरच्या गॅसची नळी काढून टाकली.

लोरेन: कधी?

रसेल: ऑक्टोबरमध्ये. "आता आपण आपल्याच गॅसवर" अशी मोठी बातमी आली होती पेपरात. टाकी अकरा अंशांनी उतरली आहे, लोरेन. अजून चार दिवस असेच गेले तर ती मेलीच. मग उन्हाळ्यापर्यंत गावभर वास.

लोरेन: गावभर वास. कसा असतो तो, मला माहीत आहे. मी काल फोनवर दोन वस्तू आणायला सांगितल्या होत्या. एक ही बरणी. दुसरी कुठे आहे?

रसेल: ती वही सापडली नाही. नऊ वर्षांपूर्वीची नोंदवही कोण जपून ठेवतं?

नेंग: कायद्याने आपण सगळेच ठेवतो, साहेब. आणि तुमच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर हिरव्या पुठ्ठ्याची एक वही आहे. बर्फ झाडताना काचेतून दिसली.

रसेल: याला तू नजर ठेवायचा पगार देतेस का?

लोरेन: घेऊन ये, नेंग. साहेब, चावी द्या त्याला.

रसेल: घे बाबा. लोरेन, तो बाहेर आहे तोवर सांगतो. एल्रॉय गेल्यावर मी तुला पत्र लिहिलं होतं. नवरा गेल्याचं दुःख मला कळतं. आपण तिघं बर्फाला भोक पाडून मासे धरत बसायचो, ते मी विसरलोय असं वाटतं का तुला? तेव्हा तू मला अरे-तुरे करायचीस.

लोरेन: तेव्हा तुम्ही माझ्या नवऱ्याच्या नावावर खोटं लिहिलेलं नव्हतं.

रसेल: तशी वेळच आली होती. टाकी नासली होती, गावभर वास होता, राज्याचा तपासनीस दारात उभा होता. कुणाचं तरी नाव द्यावंच लागणार होतं. मी गेलो असतो तर सगळं केंद्र गेलं असतं.

लोरेन: म्हणून एल्रॉयचा ऑपरेटरचा परवाना गेला. सात वर्षं शाळेची बस चालवली त्याने. बसमध्ये चढताना पोरं नाक धरायची. शुक्रवारी मासे खायला हॉटेलात गेलो की शेजारच्या टेबलावरचे उठून लांब बसायचे. त्याला काय म्हणायचे, माहीत आहे ना?

रसेल: माहीत आहे.

लोरेन: म्हणा.

रसेल: लोरेन.

लोरेन: मी म्हणते तर. आंबट एल्रॉय. स्वतः एक बादली जादा न घालणारा माणूस. घरी माझं दूध उतू गेलं तरी तो वेळ लिहून ठेवायचा.

नेंग: ही घ्या बाई, वही. साहेब, तुमचं दार गोठलंय, नीट लागत नाही.

लोरेन: जानेवारीची अकरा तारीख काढ. वाच.

नेंग: "रविवार. ऑपरेटर ई. टेस्के यांनी वरिष्ठांना न विचारता निवळीचे चार टँकर डायजेस्टरमध्ये घेतले." खाली आर. व्ही.

लोरेन: अक्षर कुणाचं?

रसेल: माझं. माझंच आहे. बरं, मी तुला वेगळ्या कागदावर लिहून देतो. माफी मागतो. सहीनिशी.

लोरेन: मला माफी नको. नोंद हवी. आपल्या धंद्यात खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ, खालची अक्षरं वाचता येतील अशी. शेजारी खरं काय ते, आद्याक्षरं, तारीख. आणि रेघ ज्याने लिहिलं त्यानेच मारायची. हे कुणी शिकवलं मला आणि एल्रॉयला?

रसेल: मी.

लोरेन: म्हणून नऊ वर्षं थांबले. मी रेघ मारली असती तर ती खाडाखोड झाली असती.

रसेल: आणि नाही मारली तर?

लोरेन: तर ही बरणी घेऊन परत जा. आमचा पंप बंद आहे.

नेंग: बाई, थोडं बोलू?

लोरेन: बोल.

नेंग: टाकी मेली तर वास यांना एकट्यांना नाही येणार. माझी मावशी राहते तिकडे. लोकांचा काय दोष?

लोरेन: नाक धरणारी पोरं कुणाची होती, नेंग? लांब बसणारे कोण होते? तुझ्या मावशीला पाहुणी म्हणून माझ्या घरी आण, मी तिची खोली गरम ठेवीन. बाकीच्यांचं मला काही वाटत नाही. वाटत होतं तेवढं संपलं.

रसेल: तू अशी नव्हतीस.

लोरेन: नव्हते. पेन आहे का, की माझं देऊ? शाईचं लागतं.

रसेल: आहे. ही मारली रेघ. आता काय लिहू? "गैरसमजातून झालेली नोंद" असं लिहितो.

लोरेन: गैरसमज कुणाचा झाला होता? लिहा. "वरील नोंद खोटी आहे. दुपारी दोन वाजता मी, रसेल व्हँडेहाय, फोनवरून चार टँकर घ्यायचा हुकूम दिला. एल्रॉय टेस्के यांनी दोनदा नकार दिला."

रसेल: सावकाश. शाई नीट उतरत नाही.

लोरेन: थंडी आहे.

रसेल: हं. झालं.

लोरेन: नेंग, वाच.

नेंग: "वरील नोंद खोटी आहे. दुपारी दोन वाजता मी, रसेल व्हँडेहाय, फोनवरून चार टँकर घ्यायचा हुकूम दिला. एल्रॉय टेस्के यांनी तीनदा नकार दिला."

लोरेन: मी दोनदा सांगितलं होतं.

रसेल: तीनदा.

लोरेन: एल्रॉयने मला दोनदा सांगितलं.

रसेल: तिसरी वेळ त्याने तुला सांगितली नसणार. दोनदा "नाही" म्हणून त्याने फोन ठेवला होता. मी पुन्हा लावला. पुन्हा "नाही" म्हणाला. मग मी त्याला म्हटलं, सेंट ओडीलला लोरेनची प्रमुखाची नेमणूक व्हायची आहे. शिफारसपत्र माझ्या टेबलावर आहे, सही झालेली नाही.

लोरेन: पुढे.

रसेल: पुढे काही नाही. मागे पंपाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "ड्रायव्हरला आत पाठवतो. तिला यातलं काही कळता कामा नये."

नेंग: बाई, बसा जरा.

लोरेन: मी बसलेलीच आहे. सही कधी केलीत?

रसेल: सोमवारी सकाळी. शब्द पाळला मी, एवढं तरी लक्षात घे.

लोरेन: सोमवारी सकाळी माझ्या पत्रावर, आणि तपासनीस आल्यावर या वहीत. एकाच पेनाने?

रसेल: असेल. मला आठवत नाही.

लोरेन: तेही लिहा.

रसेल: हे कशाला आता? यात तुझंही नाव येईल. लोक म्हणतील, बाईची खुर्ची नवऱ्याच्या परवान्यावर उभी आहे.

लोरेन: खरंच आहे. जवळजवळ नऊ वर्षं मी तिच्यावर बसले आहे, आज कळलं. लिहा. माझं नाव पूर्ण लिहा.

रसेल: लिहितो. "शिफारसपत्रावरची सही अडवण्याची धमकी मी दिली." एवढं पुरे?

लोरेन: कुणाची शिफारस?

रसेल: "लोरेन टेस्के यांच्या." हं. आद्याक्षरं. तारीख.

लोरेन: या पानाचे दोन फोटो काढ, नेंग. एक राज्याच्या परवाना कार्यालयाला, एक माझ्याकडे. मग खाली जा, दुसऱ्या टाकीचा पंप सुरू कर आणि पहिला टँकर भर. पाइपला कांबळं गुंडाळ, नाहीतर तोंडाशी गोठेल. घाईने ओतू नये, एवढं तिकडच्या पोरांना समजावून दे. दिवसाला चारच.

रसेल: दिवसाला चार म्हणजे पाच दिवस. शनिवारी ज्योत लागेल ना?

लोरेन: नाही. टाकी वाचेल. ज्योत धरायला तीन आठवडे लागतील.

रसेल: मग शनिवारी मी काय करू? दोनशे माणसं येणार आहेत. माझ्या नावाची पाटी लागणार आहे तिथे.

नेंग: काही ठिकाणी सिलिंडर जोडून ज्योत दाखवतात म्हणे, साहेब.

लोरेन: यांनीही तेच ठरवलं असणार. चालणार नाही. पहिल्या रांगेत मला एक खुर्ची ठेवा. महापौर बटण दाबतील, काही पेटणार नाही, लोक तुमच्याकडे बघतील. तेव्हा हे पान वाचायचं. सगळं, माझ्या नावासकट.

रसेल: आणि नाही वाचलं तर टँकर थांबवशील?

लोरेन: टँकर थांबणार नाहीत. तुम्ही नाही वाचलंत तर मी उठून वाचीन. तुमच्या तोंडून आलं तर बरं दिसेल, एवढंच.

रसेल: एकोणतीस वर्षं नोकरी केली मी, लोरेन.

लोरेन: एल्रॉयची सतरा झाली होती.

नेंग: मी निघतो खाली. साहेब, ती बरणी नेताय की इथेच टाकू?

रसेल: टाक तिकडे. वही मात्र मी नेतो. केंद्राची आहे ती.

लोरेन: न्या. पण अजून मिटू नका. शाई ओली आहे.