त्र्यंबकरावांच्या पियानोला तबला नको होता

मंडळी, बसा. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे. मला मोठ्यानं बोलवत नाही. परवा पहाटे त्र्यंबकराव गेले, तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलून आवाज बसलाय. शिवाय मी तबलजी. बोलायची सवय नाही. पण आपल्या नाट्यगृहाचे चिटणीस म्हणाले, बाबूराव, तुम्ही त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडलात, तुम्हीच बोला. बोलतो. दमलोय, सांभाळून घ्या.

त्र्यंबकराव आपल्या सांगलीचे. वडील पलटणीच्या बँडमध्ये. छावणीतल्या पाद्रीसाहेबांच्या बाईंनी या मुलाला पियानोवर बसवलं, आणि तो मुंबईपर्यंत गेला. तिथं मोठमोठ्या हॉलमध्ये ते एकटे वाजवायचे. साहेब लोक, पारशी मंडळी तिकिटं काढून यायची. मग लढाई सुरू झाली, हॉल बंद पडले, इकडं आई अंथरुणाला खिळली. त्र्यंबकराव पियानो घेऊन परत आले. स्टेशनपासून घरापर्यंत तो बैलगाडीतून आणला, खाली कडबा अंथरून. तुमच्यातले बरेच जण बघायला आले होते. मोठी पेटी आली, मोठी पेटी आली म्हणत.

इकडचा त्यांचा पहिला जलसा साताऱ्याला झाला. मी तिथं नव्हतो, त्यांनीच पुढं हसत सांगितलं. हे वाजवायला लागले. लोक पान खातायत, बोलतायत, कोण आलं कोण नाही बघतायत. त्यांनी एक अख्खी रचना वाजवून संपवली. तेव्हा पहिल्या रांगेतले एक वकील उठून म्हणाले, "सूर लागले ना बुवा? मग सावकाश सुरू करा. तबलजी येईपर्यंत आम्ही थांबतो."

लोक वाईट नव्हते हो. आपल्याकडं तबल्याशिवाय बैठक बसते कधी? तबलजी आला नाही म्हणजे कार्यक्रम सुरू झालेला नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. पुढं जिथं जाल तिथं तोच प्रश्न. तबला कोण? कऱ्हाडच्या मंडळींनी तर सांगूनच टाकलं, "आवं, तबला न्हाई तर मानसं बसायची न्हाईत."

तेव्हा ते माझ्याकडं आले. माझी नाटक कंपनी बंद पडली होती, मी घरीच होतो. म्हणाले, "बाबूराव, नुसतं शेजारी बसायचं. वाजवायचं नाही."

मला राग आला. म्हटलं, वाजवायचं नाही तर मी बसू कशाला? बाहुला आहे का मी?

ते म्हणाले, "माझ्या वाजवण्याला ठेका लागत नाही. पण लोकांना तुम्ही लागता."

आणि मंडळी, मी बसलो. वर्षानुवर्षं बसलो. आधी हातोडीनं तबला नीट सुरात लावायचा, हाताला पावडर लावायची, आणि मग हात मांडीवर ठेवायचे. झालं. लोक खूश. कऱ्हाडला एक पाटील कार्यक्रम संपल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तबला लय जपून वाजीवला गड्या तुमी." त्र्यंबकराव तोंडाला रुमाल लावून आत पळाले.

पहिले काही महिने मला झोप यायची. मी सम शोधायचो आणि ती सापडायची नाही. पुढं शोधणं सोडलं, तेव्हा ऐकू यायला लागलं. ते काय होतं ते मला सांगता येत नाही. पण शेजारी बसून माझे डोळे भरून यायचे, आणि लोकांना वाटायचं, तबलजी रंगलाय.

त्र्यंबकराव हसायचे खरे, पण तबल्याशिवाय आपल्याला कुणी ऐकत नाही, हे त्यांना लागायचं. गेल्या हिवाळ्यात दमा फार वाढला. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. तरी त्यांनी इथंच, याच नाट्यगृहात कार्यक्रम ठरवला. मला घरी बोलावून म्हणाले, "बाबूराव, या खेपेला तुम्ही खाली बसा. माझ्या गावानं मला एकदा एकट्याला ऐकावं, एवढंच माझं राहिलंय. लोक ओरडतील. कदाचित मीही घाबरून तुम्हाला हाक मारीन. मारली तरी येऊ नका."

तुमच्यातले पुष्कळ जण त्या दिवशी होते. आठवतं ना? ते एकटे येऊन बसले. मागून हाका सुरू झाल्या, "बाबूराव, वर बसा की!" त्यांनी दोनदा पट्ट्यांवर हात ठेवला आणि उचलला. घाम पुसला. आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाबूराव, या वर."

मी गेलो नाही. सगळ्यांदेखत मान हलवली. त्यांचा चेहरा असा उतरला की तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग त्यांनी पाठ सरळ केली आणि वाजवायला लागले. काही लोक उठून गेले. बरेच बसले. संपल्यावर कुणी टाळी वाजवेना, कारण संपलं की नाही तेच कळेना. शेवटी एका आजींनी विचारलं, "झालं का रं बाळा?" ते म्हणाले, "झालं, आजी."

परतताना टांग्यात ते तोंड फिरवून रस्त्याकडं बघत बसले. मला वाटलं, आपण चुकलो. दारात उतरल्यावर म्हणाले, "आला नाहीत ते बरं केलंत." आणि दम लागला म्हणून तिथंच पायरीवर बसले.

बस. आता थोडंच.

यानंतर त्यांची शिष्या कमल वाजवणार आहे. पोरगी सारखी माझ्याकडं बघतेय, मला दिसतंय. चिटणिसांनी मोठ्या प्रेमानं माझी तबल्याची जोडी तिच्या शेजारी मांडून ठेवली आहे. चिटणीस, राग मानू नका, ती मी उचलतो. कमल, हाक मारलीस तरी मी यायचा नाही बरं का.

आधी आपण सगळे थोडा वेळ गप्प बसू. मग ती वाजवील. कळो न कळो, कुणी उठू नका.

त्र्यंबकराव, नमस्कार करतो. मी खाली बसतो आहे.