दोन माणसांचं ठरलं की कट

—नाय, आज पोराला नाय, सुनेला भेटायला आले. दोघंबी हितंच नाशिकरोडच्या जेलात हायेत, पण बायकांची बाजू वेगळी, भेट वेगळी. तुमचं कोण हाय आत— भाऊ? असू द्या, बसा.

मखमलाबादला गुलाबाचा मळा हाय आमचा. शेजारच्या यादवशी शेतरस्त्याचं भांडण— त्यानं चारी खणून आमचा टेम्पो अडवला, तोडलेली फुलं जाग्यावर सुकली. माझा नवनाथ पेटला. चैतालीला, म्हणजे सुनेला म्हणाला, तू फोन कर, माझ्या बोलावण्यानं तो यायचा नाय. तिनं केला— भाऊजी, चहाला या, रस्त्याचं मिटवून टाकू. आला बिचारा, दारात चपला काढून आत आला. नवनाथनं डोक्यात फावडं घातलं. दवाखान्यात नेला, पण वाचला नाय.

पोलिसांनी दोघांनाबी नेलं. वकिलाला म्हणलं, साहेब, नवरा-बायको घरात बोलणार नाय तर कुणाशी बोलणार? ते म्हणाले, ‘आजी, लग्नात दोघं एक होत असतील. कायद्यात ती दोन माणसं. अन् दोन माणसांचं ठरलं की कट झाला.’ नवनाथ सांगतोय, तिला काय ठाव नव्हतं. पण बायकोला वाचवायला नवरा असंच बोलणार, म्हणतात. कोण ऐकतंय त्याचं?

अन् ठाव कसं नव्हतं— ठाव होतं म्हणून तर रडत होती. फोन हातात घेईना. आई, ह्यांच्या मनात वेगळंच हाय, फावडं दाराआड आणून ठेवलंय ह्यांनी... मी म्हणलं, नवऱ्याचं ऐकावं बाई, नुसता धाक दाखवंल तो— अन् फोन तिच्या हातात कोंबला मी—

वकिलाला? नाय सांगितलं. सांगून काय, मग मीबी आत. चार वर्षांची नात हाय, आत्ता वस्तीवरल्या चिमणाबाईकडं ठेवून आले, सारखी आई-आई करती. चैतालीबी बोलली नाय कुणाला. मागच्या भेटीला मीच इषय काढला, तर खाली बघत म्हणाली, ‘तुम्ही बाहेर ऱ्हा. पोरीला कोण हाय?’ एवढंच. मान वर करून बघितलं नाय तिनं माझ्याकडं.

असं काय बघताय? मी काय बोलले? काय नाय बोलले मी. उठा, तुमचं नाव पुकारलं— जा.