मिम्मोआजोबांची बसायची जागा

साल्वातोरे : खुर्ची ठेवलीय, उशी ठेवलीय, छोटा पंखाही लावलाय. आता आणखी काय हवंय, बाबा?

मिम्मो : टीव्ही.

साल्वातोरे : न्हाणीघरात टीव्ही?

मिम्मो : मग मला न्हाणीघरात बसवतोस कशाला? नुन्झिया, समजाव गं तुझ्या नवऱ्याला. उद्या युरोपातल्या दोन फुटबॉल स्पर्धांचे विजेते समोरासमोर, त्यातले एक आपण, नेपल्सवाले! जन्मभर वाट पाहिली मी. ती काय संडासात बसून तुमचा आरडाओरडा ऐकायला?

नुन्झिया : बाबा, मे महिन्यातल्या फायनलला आपण एका गोलने मागे होतो. तुम्ही आत गेलात, कडी अडकली, आणि आपण दोन गोल मारले. आता सगळी इमारत म्हणतेय...

मिम्मो : इमारतीचं काय जातंय म्हणायला!

साल्वातोरे : खालच्या रफाएलेने तेव्हापासून दाढी केली नाही. मी त्या दिवशीची चड्डी तशीच ठेवलीय, न धुता. तुम्हाला दोन तास आत बसवत नाही?

मिम्मो : मी आणि तुझी चड्डी एकाच माळेत? अरे, उद्या आपण तसेही जिंक—

साल्वातोरे : गप्प! नजर लागेल! लोखंडाला हात लावा आधी! नुन्झिया, किल्ली दे त्यांना, किल्ली!

नुन्झिया : धरा, बाबा. असलं बोलतात का मॅचच्या आधी?

मिम्मो : धरली. पण आत बसणार नाही.

साल्वातोरे : मग हरलो तर गल्लीला तोंड तुम्हीच दाखवा.

मिम्मो : अरे, पण तेव्हा मी आत नव्हतोच!

साल्वातोरे : नव्हतोच म्हणजे? दार तोडलं तेव्हा आतच होतात की.

मिम्मो : तेव्हा परत आलो होतो. हाका मारून घसा बसला माझा, तुमच्यापैकी कोणी ढुंकून पाहिलं? शेवटी शेजारच्या इम्माकोलाताने गच्चीतून स्टूल लावलं. खिडकीतून उतरलो. दोन्ही गोल तिच्याकडे पाहिले.

नुन्झिया : या गुडघ्यांनी?

साल्वातोरे : अरे देवा! तीन महिने आपण चुकीच्या खोलीच्या भरवशावर होतो! बाबा, नीट आठवा. कुठे बसला होतात?

मिम्मो : सोफ्यावर. तिच्या शेजारी. तिने वांगी तळली होती.

नुन्झिया : डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय ना तुमचं?

साल्वातोरे : डॉक्टर गेला खड्ड्यात! उद्याही वांगीच!

मिम्मो : बरं. जाईन मी. या वेळी दारातून.

साल्वातोरे : दारातून? खिडकीतूनच! सगळं जसंच्या तसं हवं. हात कुठे होते?

मिम्मो : कुणाचे?

साल्वातोरे : तुमचे!

मिम्मो : एक ताटलीत.

साल्वातोरे : आणि दुसरा?

मिम्मो : ...तिच्या हातात.



नुन्झिया : आई जाऊन सहा वर्षं झाली. एकदा सांगायचंत तरी, बाबा.

मिम्मो : तुला वाईट वाटेल म्हणून...

साल्वातोरे : ते तुमचं नंतर बघा! उद्या शेवटच्या शिटीपर्यंत हात तिथेच राहिला पाहिजे!

नुन्झिया : आणि बाबा, शिटी वाजली म्हणून लगेच काढून घेऊ नका.