शून्य भेटी

पुतण्या : ...म्हणजे तो शून्याचा आकडा खरा नव्हता, काका. एवढंच सांगायला आलोय.

काका : कागद तूच आणला होतास.

पुतण्या : हो. मीच.

काका : दुकानात, दोन्ही कारागिरांच्या समोर, काउंटरवर पसरलास. "काका, एकशे चाळीस लेख, तीन महिने, आणि वाचणारा एकही नाही." शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याने लिहायच्या भानगडीत पडू नये, हे मला त्या दिवशी कळलं.

पुतण्या : असं मी नव्हतो म्हणालो.

काका : तू नाही म्हणालास. कागद म्हणाला.

काकू : आधी बस बघू. ते खुर्चीवरचे कपडे कर बाजूला. आणि मलाही कळेल असं सांग. सांगायचे हे, पण एकशे चाळीसच्या एकशे चाळीस लेख मी एका बोटाने टाइप केलेत.

पुतण्या : आपल्या वेबसाइटवर किती लोक येतात, कुठलं पान बघतात, हे मोजायला मी एक प्रोग्राम लावला होता. त्यासाठी प्रत्येक पानात एक छोटा कोड टाकावा लागतो. मशीनच्या पानांत टाकला, सुट्या भागांच्या पानांत टाकला. काकांचे लेख जुन्या साच्यातले. त्यांत टाकायचा राहिला.

काकू : राहिला म्हणजे?

पुतण्या : म्हणजे तिथे कुणी आलं तरी मोजलंच जात नव्हतं.

काका : दाराला घंटा बसवली नाहीस आणि म्हणालास, कुणी येतच नाही.

पुतण्या : हो.

काकू : हे कधी कळलं तुला?

पुतण्या : मागच्या आठवड्यात. दुकानाचे फोन निम्म्यावर आले होते. मला वाटलं, समोर नवीन शोरूम झालंय, त्यामुळे असेल. शेवटी एका बाईंना बोलावलं, हेच काम करतात त्या. त्यांनी सर्व्हरच्या जुन्या नोंदी काढल्या. त्या कोड असो नसो, आपोआप होतात. मला म्हणाल्या, "रोज साडेतीनशे माणसं या लेखांवर यायची. इथूनच तुमच्या दुकानाचा नंबर घ्यायची. काढले कशाला?"

काका : मग काय सांगितलंस?

पुतण्या : पाणी प्यायलो.

काकू : साडेतीनशे. रोज.

पुतण्या : 'खालचा धागा का गुंततो' या एकाच लेखावर शंभर. काही जण तर पुन्हा पुन्हा यायचे.

काका : तो लेख मला आवडला नव्हता. घाईत सांगितला होता.

पुतण्या : काका, माझं चुकलं. सगळ्या लेखांवर शून्य कसं असेल? चुकून का होईना, एखादा माणूस फिरकतोच. एवढी साधी शंका यायला हवी होती मला.

काका : मला तरी कुठे आली.

पुतण्या : आणि... वाईट वाटून घेऊ नका, पण "काढून टाक" हे तुम्ही म्हणालात.

काकू : मग काय म्हणायचं होतं त्यांनी? ठेव बाबा, आणखी थोडी शोभा होऊ दे माझी?

पुतण्या : तसं नाही गं काकू.

काकू : फोन कमी झाले म्हणून शोधायला गेलास. नसते झाले तर गेला असतास?

पुतण्या : नसतो गेलो.

काका : खरं बोलला. सोड आता त्याला.

काकू : परत मिळतील का ते?

पुतण्या : वेबसाइट ठेवणाऱ्या कंपनीकडे महिनाभराचीच प्रत असते. आपल्याला आठ महिने होऊन गेले. बाईंनी इकडून तिकडून अकरा लेख मिळवलेत. बाकीचे तुझ्या कॉम्प्युटरवर असतील ना?

काकू : माझ्या कॉम्प्युटरवर कुठले? मी थेट वेबसाइटवरच टाइप करायचे. तूच तसं शिकवलं होतंस.

पुतण्या : मग वह्या? काका टिपणं काढायचे, चित्रं काढायचे त्यात. शटलचं, बॉबिनचं.

काका : रद्दीत दिल्या.

पुतण्या : सगळ्या?

काका : सगळ्या. दोरीने बांधून मी स्वतः खाली नेऊन दिल्या. ही नको म्हणत होती.

पुतण्या : मग पुन्हा लिहा ना. घाई नाही. महिन्याला चार झाले तरी पुरे. टाइप करायला मी येऊन बसेन. बाईंनी एक यादीही केलीय, लोक काय काय शोधत येतात त्याची. ज्या प्रश्नाला जास्त मागणी आहे, तो आधी घेतला तर...

काका : थांब. यादी खिशात ठेव. नऊ वर्षं मी सांगत होतो ना, ते समोर एक माणूस बसलाय असं धरून. मशीन अडकलंय, उद्या कपडे द्यायचेत, विचारायला जवळ कुणी नाही. त्याला मी सांगत होतो. तुझ्या कागदानंतर तो उठून गेला. आता तू साडेतीनशे म्हणतोस, मला त्यातला एकही दिसत नाही.

पुतण्या : निदान दुकानात तरी येत जा. कारागीर विचारतात.

काका : काय विचारतात?

पुतण्या : हेच, काका रागावलेत का.

काका : सांग त्यांना, रागावलो नाही. तू दुकान चांगलं चालवतोस. चालव.

पुतण्या : हे अकरा लेख छापून आणलेत. कुठे ठेवू?

काका : ठेव तिथे कुठेही.

पुतण्या : निघतो मग. काकू, येतो गं.

काकू : जिन्यातला दिवा गेलाय. जपून उतर.

(दार लागतं.)

काका : तू सांगायचीस मला.

काकू : काय?

काका : पत्रं येतात म्हणून. वेबसाइटवरून. लेख कुठे गेले, असं विचारतात म्हणून.

काकू : सांगायचे. एक शाळेचे गणवेश शिवणारी होती. तिने लिहिलं होतं, तुमचा लेख समोर ठेवून मशीन उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने परत जोडलं. आता लेख सापडत नाही, मुलीला शिकवायचं होतं. इथेच बसून वाचून दाखवलं होतं तुम्हाला.

काका : हं.

काकू : त्यावर तुम्ही काय म्हणालात, आठवतं?

काका : आठवतं.

काकू : म्हणालात, "कागदावर शून्य आहे. माझी समजूत काढायला ही पत्रं तूच लिहून आणतेस."

काका : मला तेव्हा काही सुचत नव्हतं गं.

काकू : एक्केचाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. पोराने आणलेला कागद खरा, आणि मी खोटी.

काका : चुकलो मी. तुझ्याही बाबतीत चुकलो.

काकू : हं.

काका : वाच ना ती पत्रं. आत्ता वाच. ऐकतो मी.

काकू : नाहीत.

काका : नाहीत म्हणजे?

काकू : पुसून टाकली. तुम्ही असं म्हणालात त्याच दिवशी. त्यानंतरही यायची काही दिवस. ती न उघडताच काढून टाकायचे.

काका : किती होती?

काकू : मी मोजली नाहीत.