नकाशातला पांढरा भाग

माझा जन्म मुक्या जनावरांच्या सेवेसाठीच झाला, असं माझ्या निरोप समारंभात मोठे साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या. खरं म्हणजे मला माणसांची डॉक्टर व्हायचं होतं, मार्क कमी पडले.

आम्ही बदलापूरचे, मांजर्लीतले, नदीच्या अंगाला घर. वडील अंबरनाथला कारखान्यात, आणि घरी आईच्या दोन म्हशी. दूध उल्हासनगरला जायचं. धाकटा भाऊ दिनेश शाळेत रमला नाही, तो म्हशींत रमला, दोनाच्या नऊ केल्या त्यानं. मी शिकले, आणि एवढं शिकून पोचले कुठे, तर शेणापाशीच. दिनेश म्हणायचा, ताई, शेण तर मीपण काढतो, मग पगार तुलाच कसा?

माझं काम जनावरांच्या पोटातल्या जंतांचं. लिव्हर फ्ल्यूक म्हणून एक चपटा कृमी असतो, तुळशीच्या पानासारखा, तो साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायींतून गवतावर येतो आणि गवतातून म्हशीच्या यकृतात, म्हणजे खाटीक ज्याला कलेजी म्हणतो त्यात जाऊन बसतो. कुठे किती धोका आहे याचा नकाशा आम्ही करत होतो. मी आणि आमचा शिपाई, प्लास्टिकच्या डब्या घेऊन गोठ्यागोठ्यांतून फिरायचो, शेण आणायचं, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी शोधायची, डबक्यांतल्या गोगलगायी मोजायच्या. पालेगावात तर बायका हाक मारायच्या, अगं, त्या शेणवाल्या मॅडम आल्या, चहा ठेव, पण हात धुवायला लाव आधी. जास्त धोका तिथे लाल, मध्यम तिथे पिवळा, नाही तिथे हिरवा. आणि जिथे आम्ही गेलोच नाही तो भाग पांढरा.

सगळीकडे फिरले, आमच्याच गोठ्यात गेले नाही. काय सांगू तुम्हाला, भांडण नव्हतं, काही नव्हतं. घरचंच आहे, कधीही जाता येईल, असं म्हणत राहिले. गेले की आई जेवायला वाढायची, आणि पोटभर जेवल्यावर डबीत शेण भरायला कोण उठतं? तेवढ्यात छपाईची वेळ आली. म्हटलं, पुढच्या खेपेला.

प्रकाशन थाटात झालं. समई, शाली, नारळ. प्रमुख पाहुण्यांनी नकाशा उलटा धरला होता, फोटोही तसाच छापून आला. दिनेश इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. नकाशावर वर माझं नाव होतं, म्हणून एक प्रत मागून घेतली त्यानं आणि उल्हासनगरला दुधाच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाशेजारी एक सिंधी फ्रेमवाला होता, त्याच्याकडे दिली. फ्रेमवाला म्हणाला, साईं, नीचे की पट्टी मोड देता हूँ, तयार फ्रेम में बराबर बैठेगा. त्या पट्टीवर कुठला रंग म्हणजे काय ते लिहिलं होतं. लाल वाईट, एवढंच मी दिनेशला सांगितलेलं.

फ्रेम बाहेरच्या खोलीत लागली. मी दर भाऊबीजेला तिच्याखाली बसून जेवले. माझं नाव दिसायचं मला. पट्टी नाही, हे दिसलं नाही.

मग एका पावसाळ्यात नदी गोठ्यात आली. पाणी ओसरल्यावर घरामागे गवत माजलं. लाल भागातलं गवत दिनेश आणत नव्हता, नकाशा बघून, हे नंतर कळलं मला. तो घरामागचं कापायचा. दूध पातळ झालं. उल्हासनगरचं गिऱ्हाईक थट्टेनं म्हणालं, साईं, पानी तुम डालते हो या नदी डालती है? मग म्हशींच्या जबड्याखाली सूज आली, तो हळदीचे लेप लावत बसला. मला कळवलं नाही. तिसरी म्हैस बसली तेव्हा फोन आला, ताई, जरा येशील का गं?

मी जबड्याखाली बोट दाबलं, खळगा तसाच राहिला. फ्ल्यूकच, कळलं मला. ओरडले त्याच्यावर, अरे, आधी का नाही सांगितलंस, मी काय अमेरिकेत राहते? अंबरनाथ वेस्टला तर राहते. तो मला हाताला धरून खोलीत घेऊन गेला, काचेवर बोट ठेवलं, म्हणाला, हे बघ ना, आपला भाग पांढरा, एकदम साफ. तुझ्याच नकाशात हा रोग आपल्याकडे नाही, मग मला वाटलं दुसरं काहीतरी असेल, तुला कशाला त्रास.

मी फ्रेम खाली काढली. खिळे उपसले. मोडलेली पट्टी उलगडली. त्यानं हळूहळू वाचलं, पांढरा, तपासणी झालेली नाही. दोनदा वाचलं. मग म्हणाला, फ्रेमवाल्याची चूक आहे गं ताई, तुझी नाही.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

औषध दिलं, चार वाचल्या. चंपी, आईच्या म्हशीची नात, नाही वाचली, ती दिनेश सोडून कुणाला दूध काढू द्यायची नाही. उरलेल्या त्यानं विकल्या, पुढे जागाही बिल्डरला दिली. आता तिथल्याच टॉवरच्या गेटवर असतो, निळ्या गणवेशात. मी गेले की उठून उभा राहतो, आणि मला ते बघवत नाही.

निवृत्तीच्या आधी नवा नकाशा केला. न तपासलेल्या भागावर आता काळ्या रेघा असतात, साहेब म्हणाले घाणेरडं दिसतं, म्हटलं दिसू दे. मांजर्लीला मी स्वतः डब्या घेऊन दोन दिवस फिरले. दिनेशनं विचारलं, ताई, आपला रंग कुठला गं? म्हटलं, हिरवा. इतका खूश झाला, लिफ्टमधून उतरणाऱ्या बाईंना सांगत सुटला, मॅडम, अपना एरिया ग्रीन आया है, मेरी दीदी ने चेक किया.

हिरवा बरोबरच आहे. सगळं पायी फिरून तपासलं मी. तिथे आता एकही म्हैस नाही.